कुल्ल्यातली संथ वाढणारी गाठ आणि पायात जाणारी कळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिस्टरांचं वय ४८. अडीच वर्षांपासून उजव्या कुल्ल्यात दुखतं आणि कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. बसलं की वाढतं. कमरेच्या एमआरआयमध्ये एल ४-५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती जराशी बाहेर आलेली दिसली, म्हणून पट्टा, ट्रॅक्शन, व्यायाम, कमरेत दोन इंजेक्शनं असं सगळं झालं. तीन महिन्यांपूर्वी मलम लावताना पत्नीच्या हाताला कुल्ल्यात आत खोलवर गाठ लागली. सोनोग्राफीत '७ बाय ५ सेंटिमीटर, चरबीची गाठ असावी' असं आलं. एक डॉक्टर म्हणतात, जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काढून टाकू. दुसरे म्हणतात, इतकी हळू वाढतेय म्हणजे साधीच आहे, हात लावू नका. दुखणं या गाठीचंच आहे का, गाठ कॅन्सरची असू शकते का, आणि ऐकायचं कोणाचं?

ताई, दोघांचंही ऐकू नका, निदान आत्ता तरी. पहिल्यांचा सल्ला घाईचा आहे, दुसऱ्यांचा ढिलाईचा, आणि पायरी दोघांनी एकच गाळली आहे. गाठ नेमकी कशाची आणि नसेला ती कुठे, कशी भिडली आहे, हे अजून कोणी बघितलेलंच नाही. मी हाडांचा डॉक्टर, पण गेली वीस-बावीस वर्षं माझं बरंचसं काम हाडांमधल्या आणि स्नायूंमधल्या गाठींचं आहे. पेशंटला हात न लावता निदान करता येत नाही, तेव्हा खालचं सगळं रस्ता दाखवण्यापुरतं समजा. गाडी तुमच्या डॉक्टरांनाच चालवायची आहे.

आधी ती जागा डोळ्यांसमोर आणा. सायटिक नस ही शरीरातली सगळ्यात जाड नस. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्ताच्या शिरेशी गल्लत नको.) कमरेचा खालचा भाग आणि त्याखालचं त्रिकास्थी इथून निघालेली पाच मुळं एकत्र येऊन ती बनते, आणि सुरुवातीला ती जवळपास २ सेंटिमीटर रुंद असते. ओटीपोटाच्या पोकळीतून हाडाच्या एका खिडकीवाटे ती कुल्ल्यात येते, बहुतेकांमध्ये पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूच्या खालून. मग बसायचं हाड आणि खुब्याचा बाहेरचा उंचवटा यांच्या मधून ती मांडीत उतरते. तिच्या पुढच्या अंगाला हाडं आणि छोटे घट्ट स्नायू, मागच्या अंगाला ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, आणि त्यावर चरबीची गादी. या दोन भिंतींमध्ये गाठ वाढायला लागली की ती बाहेरून दिसत नाही. मोसंब्याएवढी होईपर्यंत आरशात काहीही कळत नाही. माणूस बसला की मात्र शरीराचं वजन मागून दाबतं, पुढे हाड सरकत नाही, आणि मधे सापडते ती नस. तुमच्या मिस्टरांना बसल्यावर जास्त दुखतं याचा हा सरळ अर्थ लागू शकतो.

नस बिचारी सोशीक असते. गाठ महिन्याला केसभर वाढली तर नस बाजूला सरकते, ताणली जाते, गाठीवर फितीसारखी पसरते आणि काम करत राहते. म्हणून अशा रुग्णांची कहाणी वर्षांमध्ये मोजावी लागते. सुरुवातीला लांबच्या प्रवासात कुल्ला अवघडतो, मग खुर्ची नकोशी होते, मग पोटरीत मुंग्या, आणि कधीतरी पाय अडखळायला लागतो. तोवर दोन-तीन वर्षं 'सायटिका' या एका शब्दाखाली निघून गेलेली असतात. मुळात सायटिका हे लक्षणाचं नाव आहे. आयुर्वेदात याच दुखण्याला गृध्रसी म्हणतात. नाव कुठलंही घ्या, नस कुठे दाबली जातेय हे त्या नावातून कळत नाही.

मी स्वतः यात फसलोय. एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. खुर्चीत नेहमी डाव्या कुल्ल्यावर रेलून, उजवा जरासा अधांतरी ठेवून बसायच्या. मी दर भेटीत ते बघत होतो आणि कागदावर 'चकती' लिहीत होतो. आठ महिने. मग एकदा त्या म्हणाल्या, डॉक्टर, हल्ली उजव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळतही नाही. तेव्हा कुठे मी त्यांना पालथं झोपवून कुल्ला चाचपला. आत अंड्याएवढी गाठ होती. तिच्यावर बोटाने टिचकी मारली तर त्या ओरडल्या, वीज थेट तळपायात गेली. नसेच्याच आवरणातून वाढलेली ती गाठ होती, साधी. काढली, कळ गेली, चालणं सुधारलं, पण पायाचा अंगठा पूर्वीसारखा कधीच वर उचलला गेला नाही. त्या आठ महिन्यांची किंमत तो अंगठा. तेव्हापासून पायात कळ घेऊन आलेला प्रत्येक जण माझ्याकडे पालथा झोपतो, वेळ असो नसो. तुमच्या बाबतीत हे काम मलम लावणाऱ्या हाताने केलं, हे चांगलं झालं.

आता तुमचा पहिला प्रश्न: दुखणं गाठीचं की कमरेचं?

चकतीवरून सुरू करू, कारण सगळ्यांचं लक्ष तिच्यावर अडकलंय. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या कमरेचे एमआरआय बघितले तर ४०व्या वर्षी सुमारे ५० टक्के आणि ५०व्या वर्षी सुमारे ६० टक्के लोकांत चकती फुगलेली दिसते. ८०व्या वर्षी तर ८४ टक्के. या आकड्यांचं संकलन २०१५ साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून मी ते पेशंटना तोंडपाठ ऐकवतो. म्हणजे ४८व्या वर्षी 'जराशी बाहेर आलेली चकती' सापडणं हे कपाळावर आठी सापडण्यासारखं आहे. दुखण्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. दुसरं, कमरेच्या एमआरआयमध्ये कुल्ला येतच नाही. चित्र मणक्यांच्या आसपास थांबतं. 'एमआरआय केला, त्यात दुसरं काही नव्हतं' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. जिथे दुखतंय ते चित्रात नव्हतंच.

चकतीचं दुखणं अनेकदा अचानक सुरू होतं, कधी वजन उचलताना किंवा वाकताना, आणि खोकलं, शिंकलं, संडासला जोर केला की पायात कळ जाते. बऱ्याच जणांचं ते सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होतं. कुल्ल्यातल्या दाबाचं दुखणं चोरपावलांनी येतं, कंबर फारशी दुखत नाही, खोकल्याने फरक पडत नाही, आणि कडक बाकावर बसलं की काही मिनिटांत ओळखीची कळ हजर होते. त्या कुशीवर झोपवत नाही. मुंग्यांच्या जागेतूनही अंदाज येतो. चकती सहसा एका मुळाला दाबते, म्हणून बधिरपणा एका पट्ट्यात असतो. कुल्ल्यात अख्खी नस दाबली गेली तर गुडघ्याखाली जवळपास सगळीकडे फरक जाणवतो, फक्त नडगीची आतली बाजू आणि घोट्याचा आतला भाग सुटतो, कारण तिथली संवेदना दुसऱ्याच नसेतून येते. हे प्रत्येकात पुस्तकासारखं दिसत नाही. पाय सरळ वर उचलायची जी प्रसिद्ध चाचणी आहे ती दोन्हींत दुखरी येऊ शकते, म्हणून तिच्यावर मी फार विसंबत नाही.

हाताने तपासताना मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी ते केलं का, हे तुम्हाला कळेल. आधी पाठमोरं उभं करून दोन्ही कुल्ल्यांचा आकार आणि खालची घडी सारखी आहे का. मग टाचांवर चालणं आणि चवड्यांवर चालणं. मग पालथं झोपवून, बसायचं हाड आणि खुब्याचा उंचवटा यांच्या मधली खोलगट जागा दोन्ही बाजूंना एकाच वेळी चाचपायची. गाठ लागली की पेशंटला कुल्ला आवळायला सांगायचं. स्नायू आवळल्यावर गाठ अजूनही हाताखाली सरकत असेल तर ती कातडीखालची. घट्ट बसली किंवा हातातून हरवलीच तर ती स्नायूच्या आत किंवा त्याच्याही खाली. ही एक गोष्ट अर्ध्या मिनिटात कळते आणि पुढचा सगळा मार्ग तिच्यावर ठरतो. गाठ हाताखाली ठोके देतेय का हेही बघतो, त्याचं कारण पुढे सांगतो. गुदद्वारातून बोटाने तपासणं पेशंटना आवडत नाही, पण हाडाच्या खिडकीतून गाठ ओटीपोटात शिरली असेल तर कधीकधी ते बोटालाच आधी कळतं.

अजूनही शंका राहिली तर नसांची विद्युत तपासणी करतात. त्यात मणक्याशेजारच्या स्नायूंमध्ये सुई घालून बघितलं तर चकतीच्या दुखण्यात तिथे बिघाड दिसू शकतो, कुल्ल्यातल्या दाबात तिथे सगळं ठीक असतं. तपासणी त्रासदायक आहे आणि सगळ्यांना लागत नाही. गाठ चित्रात नसेला रेटताना स्पष्ट दिसत असेल तर मी ती करायला लावत नाही.

एक बाजूचा मुद्दा. नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी बरं वाटलं, म्हणजे निदान बरोबर होतं, असं घरोघरी धरलं जातं. त्या गोळ्या नसेची कुरकुर कमी करतात. कुरकुर चकतीमुळे असो, गाठीमुळे असो की आणखी कशामुळे. 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम', म्हणजे त्या पिरिफॉर्मिस स्नायूनेच नस दाबली, या निदानाचंही तसंच. गाठ नाही याची खात्री झाल्यावरच ते कागदावर उतरावं. चित्र न काढता कुल्ल्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं मला पटत नाही.

दुसरा प्रश्न, कॅन्सरचा. ताई, थोडं लांबून येतो.

या जागी सगळ्यात जास्त आढळणारी संथ गाठ म्हणजे चरबीची, लायपोमा. कातडीखाली हाताला लागतात त्याच जातीची, फक्त इथे ती स्नायूंच्या मधे किंवा आत असते. कधी ती हाडाच्या खिडकीतून अर्धी ओटीपोटात आणि अर्धी कुल्ल्यात असते, मधे चिमटलेली, डमरूसारखी. ही साधी गाठ, शरीरात इतरत्र पसरत नाही. तिचंच एक चुलत भावंड आहे, 'अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर'. दिसायला जवळपास तशीच, वाढते संथ, पण काढल्यावर त्याच जागी पुन्हा येण्याची खोड असते आणि क्वचित वर्षांनंतर ती खरोखर वाईट रूप घेते. मग नसेच्या आवरणाच्या गाठी: श्वानोमा, न्यूरोफायब्रोमा. बहुतेक साध्या. याशिवाय रक्तवाहिन्यांचे गुंते, खुब्याच्या सांध्यातून फुगून आलेली पाण्याची गाठ, बसायच्या हाडावरची सुजलेली पिशवी, जुन्या इंजेक्शनांच्या जागी घट्ट झालेली गाठ, मणक्याच्या किंवा माकडहाडाजवळच्या सांध्याच्या क्षयातून उतरलेला थंड गळू. बाईला दर पाळीच्या वेळी पायात कळ येत असेल तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या ऊती नसेजवळ रुजल्या आहेत का, हा विचारही करावा लागतो.

ठोक्यांबद्दल म्हणालो होतो. गर्भात पायाला रक्त पुरवणारी एक धमनी सायटिक नसेच्या सोबत असते आणि जन्माआधी विरून जाते. फार क्वचित एखाद्यात ती राहते, आणि प्रौढपणी कुल्ल्यात तिला फुगा येऊ शकतो. लक्षणं हुबेहूब तुमच्या मिस्टरांसारखी: कुल्ल्यात गाठ, पायात कळ. त्या गाठीत कोणी सुई घातली तर काय होईल ते मी लिहायला नको.

आता वाईट गाठी. त्यांना सार्कोमा म्हणतात, आणि त्या विरळा आहेत. पण त्यातल्या काहींचा स्वभाव असा की 'हळू वाढते म्हणजे साधी' हा हिशेब तिथे चुकतो. सायनोव्हियल सार्कोमा हे त्यातलं सगळ्यात फसवं नाव. तो बहुधा तरुण वयात दिसतो, वर्षानुवर्षं लहानच राहू शकतो, दुखतो, आणि सोनोग्राफीत पाण्याच्या गाठीसारखा दिसू शकतो. मिक्सॉइड लायपोसार्कोमाही संथ आणि मऊ असतो. म्हणून वेग बघून कोणालाही निर्दोष ठरवायचं नाही. आम्ही चार गोष्टी बघतो: ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, खोल आहे का, वाढतेय का, दुखतेय का. यातली एक असली तरी नीट चित्र काढल्याशिवाय सुरी लावायची नाही. तुमच्याकडे चारही आहेत. घाबरू नका, कारण दुखणं इथे नस दाबल्यामुळेही असू शकतं आणि सोनोग्राफीत चरबीसारखी दिसलेली गाठ साधी निघण्याची शक्यताच जास्त. पण सोनोग्राफीवर इथे थांबता येत नाही. इतक्या खोलवर तिची नजर अंधुक होते, साधी चरबी आणि तिचं ते चुलत भावंड तिला वेगळं करता येत नाही, आणि गाठीचं नसेशी नातं ती भरवशाने सांगू शकत नाही.

म्हणून पुढची पायरी: ओटीपोट आणि दोन्ही कुल्ले यांचा एमआरआय, शिरेतून औषध देऊन. चिठ्ठीवर 'कुल्ल्यातली खोल गाठ, सायटिक नसेशी संबंध बघा' असं लिहिलेलं असावं, नाहीतर पुन्हा कमरेचाच निघतो. असं झालेलं मी पाहिलंय. साधी लायपोमा त्यात छान ओळखू येते. ती कातडीखालच्या चरबीसारखीच उजळ दिसते आणि चरबी दाबून टाकणाऱ्या चित्रांमध्ये चरबीबरोबरच काळी पडते. आत काही मोजके, पातळ पडदे. पडदे २ मिलिमीटरपेक्षा जाड असतील, आत चरबी नसलेले गोळे असतील, औषध दिल्यावर ते उजळत असतील, तर चुलत भावंडाची किंवा त्याहून वाईट शंका घ्यायची. नसेची गाठ लांबट असते, दोन टोकांना नस शेपटीसारखी आत जाताना आणि बाहेर पडताना दिसते. रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचून समाधान मानू नका. ज्यांच्याकडे जाल त्यांना चित्रं पडद्यावर लावायला सांगा आणि नस कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर शस्त्रक्रिया तिथे करू नका. हे मी स्पष्ट लिहितोय, कोणाला वाईट वाटलं तर वाटो.

बायोप्सीबद्दल दोन गोष्टी, कारण भीती आणि निष्काळजीपणा दोन्ही इथेच सापडतात. एमआरआयमध्ये गाठ शंभर टक्के चरबीची आणि पडदे पातळ, तर बायोप्सीची गरज सहसा पडत नाही. नसेची गाठ स्पष्ट दिसत असेल तरीही अनेकदा टाळतो. नसेत सुई गेली की पेशंट टेबलावरून उडतो. बाकी सगळ्या शंकास्पद गाठींत बायोप्सी शस्त्रक्रियेच्या आधी हवीच. जाड सुईने गाठीच्या आतले धाग्यासारखे तुकडे काढतात, तेही सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये बघत. चरबीच्या गाठीत शंका असेल तर त्या तुकड्यावर एमडीएम २ नावाच्या जनुकाची तपासणी करतात. त्याच्या प्रती वाढलेल्या असतील तर ती साधी लायपोमा नाही.

'सुई लागली की कॅन्सर पसरतो' असं म्हणतात, त्यात तथ्याचा एक कण आहे आणि तो भलत्याच ठिकाणी चिकटलाय. सुईची वाट पुढे होणाऱ्या चिरेच्या रेषेवर आखली, म्हणजे शस्त्रक्रियेत ती वाटसुद्धा गाठीबरोबर काढून टाकता येते. भलत्या जागेतून सुई घातली तर ती वाट मागे राहते. म्हणून बायोप्सी कुठून घ्यायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवायचं असतं. हेन्री मॅन्किन या अमेरिकी सर्जननी १९८२ साली आणि पुन्हा १९९६ साली याचा हिशेब मांडला. बायोप्सी एकीकडे आणि उपचार दुसरीकडे झाले, तर चुका आणि गुंतागुंती २ ते १२ पट. इतकी वर्षं झाली, तरी 'आधी तुकडा काढून बघू, मग तुम्हाला पाठवू' अशा चिठ्ठ्या अजून येतात.

आता जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काढण्याचं. कातडीखालची दोन सेंटिमीटरची गाठ असती तर मीही तसंच केलं असतं. स्नायूखालच्या सात सेंटिमीटरच्या गाठीसाठी ते योग्य नाही. डॉक्टर आत शिरतात, गाठ अपेक्षेपेक्षा खोल निघते, पेशंट दुखतं म्हणतो, रक्त यायला लागतं, आणि त्या लालीत नस ओळखायची वेळ येते. नस फितीसारखी चपटी होऊन गाठीवरच पसरलेली असेल तर ती पडद्यासारखी दिसते आणि पडदा समजून कापली जाते. आणि गाठ सार्कोमा निघाली तर अर्धवट काढलेल्या जागेत तिच्या पेशी सगळीकडे सांडलेल्या असतात. मग दुसरी, मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, जिथे पहिल्यांदा वाचवता आली असती ती नसही धोक्यात येते.

नीट शस्त्रक्रिया कशी होते? पूर्ण भूल देऊन पालथं किंवा कुशीवर घेतात. नसेला विजेचा हलका धक्का देऊन पाऊल हलतं का ते बघायचं असेल तर भूल देणाऱ्यांना स्नायू ढिले करणारं औषध टाळायला आधीच सांगतात. चीर ऐसपैस. ग्लुटियस मॅक्सिमसचे धागे बाजूला केले की मी गाठीकडे जात नाही. आधी खाली, मांडीच्या सुरुवातीला, जिथे काही बिघडलेलं नाही तिथे नस शोधतो, तिला मऊ पट्टीचा फास घालतो, आणि तिचा हात धरून वर सरकत जातो. मग गाठीच्या वरची बाजू. दोन्हीकडून नस हातात आली की गाठ मधोमध उघडी पडते. लायपोमा असेल तर पुढचं काम बोटानेच होतं. पिवळा, घट्ट लोण्यासारखा गोळा हळूहळू सुटून येतो, आणि त्याच्या जागी नस मोकळी लोंबते, रुंद, फिकट, दाबाची खूण अंगावर घेऊन. काही मिनिटांत तिच्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या लाल होतात. श्वानोमा असेल तर नसेचं आवरण धाग्यांच्या दिशेने उघडून गाठ सालीतून दाण्यासारखी बाहेर काढतात, बहुतेक धागे शाबूत राहतात. डमरूसारखी गाठ असेल तर पोटाच्या बाजूने काम करणारा सर्जनही सोबत लागू शकतो, म्हणून हे आधी माहीत हवं.

धोके सांगून ठेवतो. रक्त साठणं, जंतुसंसर्ग, आणि मुख्य म्हणजे नसेला इजा. सायटिक नसेचे दोन भाग असतात. पाऊल वर उचलणारा बाहेरचा भाग जास्त नाजूक, दाब आणि ताण त्याला आधी लागतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही दिवस किंवा महिने पाऊल लुळं पडू शकतं. बहुतेकदा ते भरून येतं. नसेचे धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. कुल्ल्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंत अर्धा मीटर धरला तर दीड वर्षाचा हिशेब होतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात 'अजून पाय उचलत नाही' म्हणून हवालदिल होऊ नये. सुधारण्याचाही एक क्रम असतो. कळ आधी जाते, कित्येकांची त्याच रात्री. मुंग्या मधे काही आठवडे वाढल्यासारख्या वाटतात. बधिरपणा रेंगाळतो. ताकद सगळ्यात शेवटी येते, आणि फार काळ गेलेली असेल तर पूर्ण येत नाही. चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नीट बसणं दोन-तीन आठवड्यांनी.

दुसऱ्या डॉक्टरांचा 'हात लावू नका' हा सल्ला कधी बरोबर ठरतो? एमआरआयमध्ये निखळ चरबी, नसेवर दाब नाही, त्रास नाही, तर सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढून थांबता येतं. मी तसे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळलेत. तुमच्याकडे अडीच वर्षांचा त्रास आहे. गाठ नसेला दाबत असेल तर थांबण्यात नस झिजते, बाकी काही मिळत नाही.

आणि बायोप्सीत वाईट निघालीच तर? मग सार्कोमाचं काम रोज करणारं केंद्र गाठायचं, जिथे सर्जन, रेडिएशनचे आणि औषधांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. छातीचा सीटी स्कॅन होतो. अनेकदा शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे रेडिएशन, २५ बैठका, मग चार ते सहा आठवड्यांनी गाठ भोवतालच्या निरोगी आवरणासकट काढतात. नस वाचवायचा प्रयत्न असतोच, पण ती गाठीतच गुरफटली असेल तर कधी द्यावी लागते. सायटिक नस गेलेला माणूस घोट्याला आधार लावून चालतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. यापुढचं आत्ता वाचून उपयोग नाही.

तपासण्या होईपर्यंत कुल्ल्यावर मालिश, रगडणं, कोरड्या सुया, शेकून दाबणं हे सगळं बंद. ट्रॅक्शनही. बसायला मधे खाच असलेली उशी घ्या, दर वीस मिनिटांनी उठायला सांगा, मागच्या खिशात पाकीट ठेवत असतील तर काढायला सांगा. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका. अंगावर जन्मापासून कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आणि जागोजागी गाठी असतील तर तेही आवर्जून सांगा. अशा माणसांत नसेची जुनी गाठ अचानक वाढू किंवा दुखू लागली तर ती वेगळ्याच गांभीर्याने घ्यावी लागते. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागेचा मधला भाग बधिर झाला तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा. ते सहसा मणक्याचं असतं आणि तिथे तासांचा हिशेब चालतो.

आज घरी एक करून बघा. त्यांना अनवाणी, भिंतीचा आधार न घेता, टाचांवर दहा पावलं चालायला सांगा आणि तुम्ही समोर उभ्या राहून दोन्ही पायांचे चवडे बघा. दोन्ही सारखे वर राहत असतील तर एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातली चालेल. उजवा चवडा खाली पडत असेल तर उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि नेमकं हेच वाक्य सांगा.